मित्र कमी मेहनत करूनही नामांकित विद्यापीठात जातील, या विचाराने त्यांचा राग येतो. काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की, दोन वर्षे झोप आणि सुट्ट्या बाजूला ठेवून तुम्ही अभ्यास केला, मित्र मात्र परीक्षा तोंडावर आल्याशिवाय पुस्तक उघडत नाहीत, आणि तरीही मोजक्यांनाच घेणाऱ्या विद्यापीठांत त्यांना प्रवेश मिळण्याची शक्यता तुमच्याइतकीच दिसते. त्यामुळे त्यांचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. मी याच अवस्थेतून गेलो आहे आणि त्या वेळी चुकीचे वागलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मित्र गुपचूप अभ्यास करत असतील, असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. माझा सर्वांत जवळचा मित्र खरोखरच माझ्या निम्माही अभ्यास करत नसे. एकदा वाचलेले त्याच्या लक्षात राही, निबंध तो एका बैठकीत लिहून काढी आणि उरलेला वेळ नाटकाच्या तालमीत घालवी. मी मात्र त्याच्या आणि माझ्या तासांचा हिशेब मनात मांडत बसे. त्या हिशेबाची त्याची बाजू मी बरीचशी अंदाजाने भरली होती, हे खरे. पण ती अचूक भरली असती तरी माझा राग गेला नसता. जो जास्त राबेल त्यालाच आधी मिळेल असा करार झाला आहे, असे मी धरून चाललो होतो, आणि त्या करारावर ना मित्राची सही होती ना विद्यापीठाची. तो मोडला म्हणून मी मित्राला दोषी ठरवत होतो.

माणूस स्वतःचे मोजमाप आपल्यासारख्याच माणसांशी तुलना करून करतो, असे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडले होते. तुमचा राग मित्रांवरच का येतो, याचे उत्तर मला त्यात दिसते. हार्वर्डचे उदाहरण घ्या. २०२४ साली तेथे पदवीच्या पहिल्या वर्षासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांची निवड झाली, म्हणजे शंभरात चारही नाहीत. त्या निवडलेल्यांमध्ये तुमच्यापेक्षा कमी अभ्यास केलेले अनेक अनोळखी विद्यार्थी असतील, पण त्यांचा विचार तुमच्या मनाला शिवतही नाही. एकाच शाळेतील अर्ज कधी कधी शेजारी ठेवून पाहिले जातात, हे मान्य. तरीही मित्राला नकार मिळाला तर ती जागा तुमच्याकडे चालत येईल, असे मुळीच नाही.

तुमच्या रागातील एक भाग मात्र मला रास्त वाटतो आणि तो तुम्ही गिळून टाकू नये. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली अमेरिकेतील बारा अतिनिवडक विद्यापीठांविषयी दाखवून दिले की, प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले तेथे पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंसाठीची निवड आणि अभ्यासाबाहेरच्या कामगिरीला दिलेले गुण ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण तो नियम करणाऱ्यांचा आहे. नियमाचा फायदा मिळालेल्या मित्राशी अबोला धरल्याने नियम बदलत नाही. आणि स्मरणशक्ती किंवा लिहिण्याची सहजता जन्मतः लाभली असेल, तर त्यात अन्याय तरी कोणी केला?

तुमचे कष्ट वाया जातील, ही भीती बहुधा याहून खोल असावी. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच विद्यापीठांकडून होकार आणि नकार मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली होती. त्यांपैकी जे कमी निवडक विद्यापीठात गेले, त्यांची पुढील कमाई अधिक निवडक ठिकाणी गेलेल्यांइतकीच निघाली. गरीब घरांतील विद्यार्थ्यांना मात्र निवडक विद्यापीठाचा खरा लाभ झालेला दिसला. तुम्ही त्या परिस्थितीतून येत असाल, तर तुमची तळमळ अधिक समजण्यासारखी आहे, आणि तेव्हा शिष्यवृत्ती मिळवून देणारी दुसरी विद्यापीठे शोधण्यात एक संध्याकाळ घालवणे हे मित्रांचे तास मोजण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरेल.

माझ्या मित्राला प्रवेश मिळाला, मला मिळाला नाही. नकारापेक्षा मला दुसरीच गोष्ट आजही बोचते. त्याची निवड झाल्याचे मला तिसऱ्याच मुलाकडून कळले. मित्राने ते आठवडाभर माझ्यापासून लपवले होते, कारण त्या विद्यापीठाचे नाव निघाले की माझा चेहरा कसा होतो, हे तो कित्येक महिने पाहत आला होता. त्याच्या आयुष्यातील इतक्या मोठ्या आनंदाच्या आठवड्यात तो मला घाबरून होता.

म्हणून निकाल लागण्याआधीच त्यांच्याशी बोला. राग कबूल करण्याची गरज नाही. "तुझी निवड झाली आणि माझी झाली नाही, तर मला दोन दिवस गप्प राहावेसे वाटेल, पण बातमी मला तूच सांग," एवढे पुरे. तोवर एकमेकांचे गुण आणि अर्ज यांविषयीची चर्चा बंद ठेवली तरी चालेल. मी त्याला हे वेळेवर सांगू शकलो नाही. तुमच्या हातात अजून वेळ आहे.