पार्कात मोकळा सोडलेला कुत्रा मुलावर धावून आला, पण चावला नाही. मालकाला जबाबदार धरता येतं का?

हो, धरता येतं. चावला नाही म्हणून मालक सुटत नाही.

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांचा मुलगा रडत तुमच्या पायांना बिलगला आणि मालक लांबूनच ओरडला, 'काही करत नाही तो!' हे वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसलो.

मी कुत्र्यांच्या विरोधातला माणूस नाही. आमच्याकडे बारा वर्षं ठकी होती, बिल्डिंगच्या मागे सापडलेलं गावठी पिल्लू. शेवटच्या वर्षी तिचे मागचे पाय गेले होते, तेव्हा दिवसातून तीनदा तिला उचलून दोन जिने खाली नेत होतो. तेव्हा 'घरी कुत्रा नाही म्हणून बोलताय' हे मला कुणी ऐकवू नये.

आमची आई रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला एक फेरी मारायची. कट्ट्याच्या कडेने एक फेरी म्हणजे किलोमीटरहून थोडं जास्तच. मग दोन मैत्रिणींबरोबर अर्धा तास कट्ट्यावर. वय ७१, काठी नाही, कुणाचा हात धरणं नाही. २०१९ च्या डिसेंबरात पोरं टेनिस बॉलने खेळत होती, बॉल कट्ट्याकडे घरंगळत आला आणि त्यामागे एक लॅब्राडोर सुटला. तरुण कुत्रा, तीसेक किलोचा, पट्टा मालकाच्या गळ्यात. बॉल आणि कुत्रा यांच्यामध्ये आई होती. ती घाबरून मागे सरकली, तोल गेला, उजवा हात जमिनीवर टेकला आणि सगळं वजन त्या हातावर आलं. कुत्रा बॉल तोंडात धरून शेपूट हलवत परत गेला.

मी ऑफिसात होतो. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत मनगट असं सुजलं होतं की पाटल्या मांसात रुतल्या होत्या. साबण लावून झाला, तेल लावून झालं, निघेनात. शेवटी वॉर्डबॉयने बारीक कातरी आणली आणि दोन्ही पाटल्या कापल्या. लग्नात आजीने घातलेल्या त्या पाटल्या आईने ४८ वर्षांत काढल्या नव्हत्या. हाड बसवताना ती ओरडली नाही, पाटली कापताना मात्र तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. ते चार तुकडे एका रुमालात बांधून अजून कपाटात आहेत. कितीदा म्हटलं, सोनाराकडून जोडून आणतो. नको म्हणते.

मालक हॉस्पिटलमध्ये आला होता, हे कबूल करतो. बिल देतो म्हणाला. पण जाता जाता म्हणाला, 'माझ्या कुत्र्याने त्यांना शिवलंसुद्धा नाही, त्या स्वतःच मागे सरकल्या.' सहा आठवडे प्लॅस्टर, मग फिजिओथेरपी. हात बरा झाला, पण आई पार्कात परत गेली नाही. आता बिल्डिंगच्या गच्चीवर फेऱ्या मारते, एकटी.

खरं दुखणं पुढचं आहे. माझ्या मेव्हण्याकडे कुत्रा आहे आणि तोही मोकळा सोडतो. त्या वर्षीपासून दर भाऊबीजेला आमचा हाच वाद. 'भाऊजी, काकू जागच्या हलल्या नसत्या तर काही झालं नसतं.' म्हणजे चूक कोणाची, तर ७१ वर्षांच्या बाईच्या पायांची! कुत्रा अंगावर आला की हलू नये, पळू नये, झाडासारखं उभं राहावं, हे मलाही माहीत आहे, आणि तुमच्या मुलालाही जरूर शिकवा. पण सार्वजनिक मैदानात चालणाऱ्या प्रत्येकाने कुत्र्याचा स्वभाव शिकून यावं, ही अपेक्षा कुत्रा बाळगणाऱ्याने करायची नसते. शिकायचं त्याने.

दुसरं त्याचं म्हणणं, 'आमचा हाक मारली की येतो.' घरात येतो. समोर बॉल, वडापावचा कागद किंवा दुसरा कुत्रा असला की येतो का, ते सांगा. लॅब्राडोरची जातच मुळी शिकार उचलून आणण्यासाठी वाढवलेली. धावत्या बॉलमागे जाणं हा त्याचा दोष नाही, पट्टा सोडणाऱ्याचा आहे. आमची ठकी पण हाकेला यायची. एकदा पहाटे मी तिला सोडलं आणि ती एका पळणाऱ्या मुलामागे लागली. मी पंधरा हाका मारल्या, तिने एक ऐकली नाही. त्या मुलाला काही झालं नाही, पण त्याचा चेहरा मी पाहिला. पुन्हा कधी सोडलं नाही.

तिसरं, 'मुंबईत कुत्र्यांना पळायला जागा कुठे आहे?' नाहीच. मान्य. मग पालिकेकडे जागा मागा, मीही सही करतो. तोवर दहा मीटरची दोरी बाजारात मिळते, ती लावून पहाटे गर्दी नसताना पळवा. म्हाताऱ्यांचं मनगट हे त्या जागेचं भाडं नाही.

आता कायद्याचं. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २८९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असेल आणि तो टाळण्यापुरती काळजी मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दंड एक हजारापर्यंतच होता. त्यात 'चावला तर' असं कुठेही नाही. मोकळा कुत्रा दिसला की लगेच गुन्हा, असंही नाही. धोका खरंच होता हे दाखवावं लागतं. म्हणून तारीख, वेळ, फोटो, आणि त्या वेळी तिथे असलेल्या दोघांचे नंबर घेऊन ठेवा. मुंबईत पाळीव कुत्र्याला पालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला. मालकाला परवाना विचारा. बरेच जण तिथेच नरमतात.

एक राहिलं. दात किंवा नख जरासं जरी लागलं असेल तर वाद नंतर, आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि पालिकेच्या दवाखान्यात जा. 'लस दिलेली आहे' या मालकाच्या शब्दावर थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

आणि कुत्र्याला दगड मारू नका, सोसायटीत 'कुत्रे बंद' अशी पाटी लावायला निघू नका. तशी सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, आणि पट्टा लावून नीट फिरवणाऱ्यांना त्याचा उगाच त्रास होतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे नियम वेगळे आहेत, त्यात मी शिरत नाही.

मालक पुन्हा भेटला आणि 'चावला तर नाही ना' म्हणाला, तर त्याला न्याय संहितेचं कलम ११६ पण दाखवा. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं त्याची यादी त्यात आहे, आणि हाड मोडणं त्या यादीत आहे. जुन्या कायद्यातही होतं. हॉस्पिटलच्या त्या पॅसेजमध्ये उभा होतो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आणि मी त्या माणसाला 'ठीक आहे' म्हणून जाऊ दिलं.