सांगली-साताऱ्यात फ्लाय फिशिंग जमतं का? कोणता हंगाम, कोणती फ्लाय, कोणत्या गाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग (गळावर पिसं-दोऱ्यानं बांधलेला खोटा किडा, म्हणजे फ्लाय, जाड दोरीनं फेकून मासा धरणं) पाहिलं, शिकलात, पाच नंबरचा हलका रॉड घेऊन मिरजेला परत आलात. आता कृष्णेच्या खोऱ्यात त्याचा उपयोग होईल का, कोणत्या महिन्यात जायचं, फ्लाय घरी कशी बांधायची आणि निदान कोणत्या गाठी यायलाच हव्यात.

उपयोग होईल. मी सांगलीत मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो आणि अकरा वर्षांपासून माझी रविवारची सकाळ फ्लाय रॉडसोबतच जाते. पण हंगाम आणि गाठींच्या आधी एक गोष्ट सांगतो. ती पाळणार नसाल तर पुढचं वाचू नका.

पाण्यात उतरायचं नाही. ट्राउटवाले मांडीभर पाण्यात उभे राहून दोरी फेकतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. इथे कृष्णेत भिलवडी, औदुंबर, अंकलखोपपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत. नदीत उतरलेल्या माणसांवर हल्ले झालेत, माणसं दगावलीत. घोटाभर पाण्यातही उभं राहू नका. मासा काठाशी आला म्हणून ओणवं होऊन हात घालू नका, लांब दांड्याची जाळी ठेवा. थंडीत मगर ऊन खायला काठावर येऊन पडते, उन्हाळ्यात मादी अंड्यांच्या आसपास असते. चिखलात पोट घासत गेल्याची ओली घसरण दिसली की मी ती जागा सोडतो, मग तिथे कितीही मासा उसळत असो.

म्हणून सुरुवात नदीवर नको, शेततळ्यावर करा. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडे द्राक्षबागांसाठी शेततळी केलेली आहेत आणि बऱ्याच जणांनी त्यांत रोहू, कटला, चिलापी (टिलापिया) सोडलेले असतात. मालकाला रीतसर विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. मात्र तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठेवू नका आणि गळ कागदात रुतू देऊ नका. एक भोक पडलं तरी त्याच्या बागेचं पाणी जातं. शिवाय त्या गुळगुळीत उतारावरून माणूस घसरला तर वर यायला धरायला काहीच नसतं. बांधावरूनच फेका आणि सोबत कोणीतरी असू द्या. धरणं आणि मोठे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तिथे संस्थेच्या माणसाची परवानगी घ्या. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या हद्दीत गळ टाकायचा विचारही नको. आणि ज्या घाटांवर लोक माशांना चुरमुरे-लाह्या घालतात, तिथे रॉड पिशवीतून बाहेर काढू नका.

आता हंगाम. ट्राउटचं वेळापत्रक इथे लागू पडत नाही. मी तीन गोष्टी बघतो: पाण्याचा रंग, वारा आणि ऊस. तुम्हाला ऊस वाचून नवल वाटेल. पण फ्लायला स्वतःचं वजन नसतं, वजन असतं ते जाड दोरीला. ती दोरी पुढे जाण्याआधी मागे सरळ व्हावी लागते. नदीकाठी पाठीशी ऊस उभा असला की दर फेकीला फ्लाय पाल्यात अडकते. कारखाने सुरू होऊन काठचे फड तुटू लागले की मागे मोकळं रान मिळतं. तोवर रोल कास्ट शिका. त्यात दोरी मागे उडवायची नसते, पाण्यावरूनच गुंडाळून पुढे लोटायची असते. इथल्या नदीकाठावर मला तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झालाय.

मृग निघाल्यापासून हस्त संपेपर्यंत मी नदीवर जात नाही. पाणी गढूळ, मासा फ्लाय डोळ्यांनी बघून धरतो, तर दिसणार काय? दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे अंडी घालण्याचे दिवस. पहिल्या पावसात ओढ्यातून वर निघालेले चढणीचे मासे टोपल्या भरभरून धरायची आपल्याकडे जुनी हौस आहे, पण पोटात अंडी घेऊन वर चढणारा मासा मारलेला मला बघवत नाही. आणि पुराचं काय सांगायचं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर होतं. हे चार महिने घरी बसून फ्लाय बांधायचे.

दिवाळीच्या सुमारास पाणी निवळतं. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा चिलापीसाठी चांगला. पहाटे उठून जायची गरज नाही, नऊच्या पुढे उन्हानं उथळ पाणी तापलं की ती काठाला येते. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणली आणि आता आपल्या देशी माशांच्या जागा अडवून बसलीय. ती घरी न्या, खा, मनाला लावून घेऊ नका. जानेवारीत मासा सुस्त असतो. फेब्रुवारी आणि मार्च मात्र वर्षातले सर्वांत सुंदर दिवस: पाणी काचेसारखं, वारा कमी, ऊस तुटलेला. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊनंतर पश्चिमेचा वारा सुटला की पाच नंबरच्या रॉडनं फेकणं म्हणजे नुसती दमछाक. मग फक्त पहाट.

पण मे महिन्यातच मरळ सापडते. मरळ हवेत श्वास घेते, त्यामुळे संथ पाण्यात, जलपर्णीच्या कडेला ती दर थोड्या वेळानं वर येऊन हवा घेते आणि पाण्यावर मोठं वर्तुळ उमटतं. त्या वर्तुळाच्या हातभर पुढे बेडकासारखी तरंगती फ्लाय हलकेच टाकायची आणि थांबायचं. पाणी स्थिर झाल्यावर एकदाच ओढायचं. तिने फ्लाय घेतली की रॉड वर उचलू नका, ही ट्राउटची सवय मोडायला मला दोन उन्हाळे लागले. डाव्या हातानं दोरीच जोरात मागे खेचा, मग गळ बसतो. आणि पाण्यात तांबूस पिलांचा घोळका दिसला तर त्याखालच्या मरळीला हात लावू नका. आईबाप राखण करत असतात. त्यांना उचललं की बाकीचे मासे पिलं फस्त करतात.

खडशीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आज ना उद्या विचाराल. महसीरच्या कुळातला हा मासा वरच्या अंगाला, खडकाळ वाहत्या पाण्यात राहतो, सांगलीच्या संथ डोहांत त्याला शोधू नका. साइक्स या इंग्रज अभ्यासकानं १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, ‘टोर खुद्री’ या शास्त्रीय नावातलं ‘खुद्री’ हे आपल्याच बोलीतून घेतलेलं आहे. त्याला आठ नंबरचा, जास्त ताकदीचा रॉड लागतो. हात ओले करून धरायचा, पाण्याबाहेर काढायचा नाही, लगेच सोडायचा. कोयनेवर गेलात तर खडकावर सामान पसरून बसू नका. वर धरणाच्या पायथा वीजगृहातून पाणी सुटलं की पातळी बघता बघता चढते.

फ्लाय बांधायला महागडं सामान मागवू नका. गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्याऐवजी मी पहिली तीन वर्षं दांड्याला रबर गुंडाळून बंद केलेली पकड टेबलाला आवळून वापरली. पहिली फ्लाय बांधा ती वूली बगर. आठ नंबरचा गळ, त्याच्या दांड्यावर बारीक तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढे, म्हणजे ती बुडेल. ही तार माझ्या दुकानासारख्या कुठल्याही रिवायंडिंगच्या दुकानात कचऱ्यात पडलेली असते. शेपटीला कोंबडीच्या पिसाच्या बुडाशी असतो तो मऊ कापसासारखा भाग, गळाच्या दांड्याएवढा लांब. अंगाला शेवाळी लोकर. मग गावठी कोंबड्याच्या मानेचं लांब पीस शेपटीपासून गळाच्या डोळ्यापर्यंत (दोरा ओवायच्या भोकापर्यंत) फिरवत आणायचं आणि वर तारेचे चार-पाच उलटे वेढे, म्हणजे माशाच्या दातानं पीस सुटत नाही. नवशिक्याची चूक एकच: डोळ्यापर्यंत सगळं दाटून भरतो आणि मग शेवटची गाठ घ्यायला जागा उरत नाही. डोळ्यामागे दोन मिलिमीटर मोकळे ठेवा, शेवटी नखाला लावायच्या पॉलिशचा एक थेंब.

पिवळा रंग हवा असेल तर आपण हळदीच्या पेठेत राहतो. पांढरी पिसं साबणानं धुवून तेलकटपणा काढा, लिटरभर पाण्यात दोन चमचे राजापुरी हळद घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पीस हळद सहज धरतं. उन्हात मात्र रंग उडतो, डबी बंद ठेवा. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) आणि चिलापी दोघांनाही ही पिवळसर फ्लाय आवडते, निदान माझ्या अनुभवात तरी.

दुसरी फ्लाय क्लाउझर मिनो. अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात ती बांधली. किल्ल्यांच्या की-चेनच्या मण्यांच्या साखळीचे दोन मणी डोळे म्हणून दांड्यावर बांधायचे आणि शेळीचे लांब केस पुढे धरायचे. मण्यांच्या वजनानं गळ उलटा, टोक वर करून पोहतो, त्यामुळे तळाच्या दगडांत अडकत नाही. आणि तिसरी मरळीचा बेडूक: झिजलेल्या हवाई चपलेचं रबर कापून अंग, दोन्हीकडे केसांचे पाय, आणि जलपर्णीत अडकू नये म्हणून गळाच्या टोकापुढे जाड तंगूसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) एक अर्धगोल. तुमच्या पाच नंबरला बेडूक जड जाईल, तो पुढच्या वर्षी.

आता गाठी, आणि इथे मला थोडं थांबायचंय. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मला एक मोठी खडशी लागली. पंधरा-वीस मिनिटं झुंजली आणि काठापासून तीन मीटरवर दोरा मोकळा झाला. तंगूसाचं टोक हातात घेतलं तर ते डुकराच्या शेपटीसारखं कुरळं होतं. सरळ तुटलेलं टोक म्हणजे दोरा तुटला, कुरळं टोक म्हणजे गाठ सुटली. घाईत मी वेढे कमी घेतले होते आणि गाठ कोरडीच ओढली होती. तो मासा माझ्या आळसाचा गळ तोंडात घेऊन गेला. तेव्हापासून मी प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करतो, म्हणजे चुकून दोरा गेलाच तर गळ तरी गळून पडेल. आणि गाठ दोनदा ओढून पाहिल्याशिवाय फ्लाय पाण्यात जात नाही.

फ्लाय बांधायला सुधारित क्लिंच. टोक गळाच्या डोळ्यातून काढा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या छोट्या फटीतून परत काढा, त्यानं जी मोठी फट तयार होते तिच्यातून पुन्हा काढा. थुंकीनं ओलं करा आणि सावकाश, एका दमात ओढा. कोरडं ओढलं की घर्षणाच्या उष्णतेनं नायलॉन तिथेच कमजोर होतं. दोन तंगूस जोडायला सर्जन गाठ: दोन्ही वीतभर एकमेकांवर ठेवा, मिळून एक सैल फास करा, छोटं टोक आणि पुढचा पूर्ण तुकडा त्या फासातून तीनदा काढा, ओलं करून चारही टोकं ओढा. अंधारातही जमते. दोरीला लीडर (दोरी आणि फ्लाय यांच्यामधला निमुळता होत जाणारा तंगूस) जोडायला नेल गाठ, ती बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलवर वेढे देऊन छान बसते. पण तुमच्या दोरीच्या टोकाला कंपनीनंच फास दिलेला असेल तर ती नंतर शिका, लीडरला परफेक्शन लूप करून फासात फास अडकवा. क्लाउझर मात्र क्लिंचनं आवळू नका. तिला नॉन-स्लिप लूपचा सैल फास द्या, मग ती जिवंत हलते.

लीडर विकत घेऊ नका. ०.४५ मिलिमीटरचा पाच फूट, ०.३५ चा दोन फूट, ०.२५ चा दोन फूट असे तंगूसाचे तुकडे सर्जन गाठीनं जोडले की नऊ फुटी लीडर तयार. तंगूस दर वर्षी बदला, उन्हात ठेवलेला तर लवकरच.

गाठी आधी सुतळी आणि किल्लीच्या कडीवर करा, रोज दहा. जाड सुतळीत वेढे कसे बसतात ते डोळ्यांना दिसतं. फेकायचा सराव मैदानावर करा, गळ न लावता, टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून. तीस पावलांवर नको, दहा पावलांवर वर्तमानपत्राचं एक पान चार दगडांनी दाबून ठेवा. लोकर दहापैकी सात वेळा त्या पानावर पडायला लागली की शेततळ्याच्या मालकाला फोन करा.