‘झोंगग्वो’ला मराठीत काय म्हणावे?

चीनच्या स्वतःच्या नावाचा, म्हणजे ‘झोंगग्वो’चा, अनुवाद मराठी लेखांत अनेकदा ‘मध्यवर्ती साम्राज्य’ असा केला जातो. तो योग्य आहे का, आणि बाहेरच्या जगाला तुच्छ लेखण्याची वृत्ती या नावातच दडली आहे असे म्हणता येईल का, अशी पृच्छा आहे.

‘झोंग’ म्हणजे मध्य, याबद्दल वाद नाही. आयताला मधोमध छेदणारी उभी रेघ, असे त्याचे अक्षरच आहे. ‘ग्वो’ म्हणजे मात्र साम्राज्य नव्हे, तर राज्य किंवा देश. प्राचीन काळी अनेक राज्ये आपसांत झुंजत होती तेव्हा ‘झोंगग्वो’चा अर्थ ‘मधली राज्ये’ असा अनेकवचनीही होत असे. माझ्या मते ‘मध्यदेश’ हा शब्द त्याला चपखल बसतो, आणि त्याला भक्कम आधारही आहे : इ. स. 399 मध्ये भारताकडे निघालेल्या चिनी बौद्ध भिक्षू फाहियानने मथुरेपासून दक्षिणेकडच्या मुलखाला, म्हणजे आपल्या मध्यदेशाला, ‘झोंगग्वो’ असेच म्हटले आहे. बुद्धाची भूमी मध्याची आणि आपला देश कडेचा, असे मानणारे चिनी भिक्षू होते, हे विसरून केवळ नावावरून अहंकाराचे निदान करणे घाईचे ठरेल.

हे नाव बाहेरच्यांपेक्षा सत्तेविषयी अधिक बोलते. 1963 साली शाआन्शी प्रांतात सापडलेल्या एका कांस्य मद्यपात्रावरच्या लेखात, शांग राजवट जिंकल्यावर झोउ राजा वू याने ‘मी या मध्यदेशी राहीन आणि येथून प्रजेचे शासन करीन’ असे स्वर्गाला निवेदन केल्याचा उल्लेख आहे. उपलब्ध लेखांपैकी या शब्दाचा हा सर्वांत जुना वापर समजला जातो. मध्य ज्याच्या हाती, राज्याचा अधिकार त्याचा, ही कल्पना इतकी मुरली की ईशान्येकडून आलेल्या मांचूंनी चीन जिंकल्यावर तेच नाव स्वतःला लावले, आणि 1689 मध्ये रशियाशी झालेल्या नेर्चिन्स्कच्या तहाच्या मांचू मसुद्यात त्याच अर्थाचे मांचू नाव घातले.

बाहेरच्यांकडे पाहण्याची दृष्टी शोधायची असेल, तर ती ‘यी’ या दुसऱ्या शब्दात शोधावी. मुळात तो पूर्वेकडच्या लोकांना लावला जाई, आणि प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसने आदर्श राजा शुन यालाही ‘पूर्वेकडचा यी’ म्हटले आहे. त्यामुळे तो निव्वळ शिवी नव्हता. इंग्रजांनी मात्र तो ‘रानटी’ असाच घेतला आणि दुसऱ्या अफू युद्धातल्या 1858 च्या तियानजिन तहाच्या 51 व्या कलमात, ब्रिटिश सरकार व प्रजा यांच्यासाठी हे अक्षर चिनी सरकारी कागदांत वापरू नये, अशी अटच घातली. तोफांच्या धाकाने शब्दावर बंदी आणल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच. पुढे परराष्ट्रव्यवहाराच्या नावात ‘यी’च्या जागी ‘यांग’, म्हणजे महासागर, हा शब्द रुळला. आज चीनमध्ये तियानजिनसारखे तह राष्ट्रीय अपमानाचे शतक या नावाखाली शिकवले जातात.

तेव्हा बातमीत ‘चीन’ पुरे आहे आणि इतिहासाच्या चर्चेत ‘मध्यदेश’ लिहावे. ‘यी’साठी सरसकट ‘म्लेच्छ’ वापरू नये, कारण त्याने इंग्रजांचा अर्थ आपण न तपासता उचलल्यासारखे होते. ‘यांग’ला मात्र आपल्या जुन्या कागदपत्रांतला ‘टोपीकर’, म्हणजे युरोपीय, हा शब्द बराच जवळचा वाटतो.