टर्बो गाडीचा कनेक्टिंग रॉड: तुमचे प्रश्न

पावसाळा आला की दोनच विषयांची पत्रं येतात, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) आणि पाणी. दोन्हींची गाठ रॉडशीच, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याशीच पडते, म्हणून उत्तरं एकत्र देतोय.

एक लिटरची टर्बो पेट्रोल आहे. फक्त रिमॅप करायचाय. ट्यूनर म्हणतो, पॉवर थोडीच वाढते, रॉडला काही होत नाही. (कोथरूड)

पॉवरचा आकडा राहू द्या. टॉर्क कुठल्या आरपीएमला वाढतोय ते विचारा. आरपीएम चढले की वर गेलेला पिस्टन परत फिरताना रॉडला ओढतो. हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो, ६००० वरून ७००० म्हणजे सुमारे ३६ टक्के जादा. तिथे बहुधा आधी रॉडचा बोल्ट दगा देतो. टर्बोचा मार वेगळा, वरून दाबणारा. कात्रजचा चढ, पाचवा गिअर, १६०० आरपीएम आणि पाय तळाला! अशा वेळी कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, पिस्टन अजून वर येत असतो आणि रॉड मधल्यामध्ये चेपला जातो. याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल इंजिनांची ही जुनी दुखरी नस. ‘एपीआय एसपी’ या दर्जाच्या इंजिन ऑइलला त्यासाठी वेगळी चाचणी द्यावी लागते. तेव्हा रॉडवर पैसे घालण्याआधी योग्य ऑइल घाला, चढाला गिअर उतरवा आणि खालच्या आरपीएमला टॉर्क आवरून ठेवायला सांगा. ट्यूनर ऐकत नसेल तर ट्यूनर बदला.

कंपनीचेच रॉड पॉलिश आणि शॉट पीनिंग करून ‘फोर्ज्ड’इतके होतात का? (हडपसर)

‘फोर्ज्ड’ म्हणजे दाबून-ठोकून घडवलेला; या शब्दाला भुलू नका, कंपनीचे रॉडही बऱ्याचदा फोर्ज्डच असतात. बॉक्सवरचं सोनेरी अक्षर नको, स्टीलचं सर्टिफिकेट मागा. शॉट पीनिंगने, म्हणजे पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा केल्याने, तडा उशिरा जातो, पण रॉड वाकायचा तेवढ्याच दाबाला वाकतो. ग्राइंडरच्या आडव्या रेघा राहिल्या तर तडा तिथूनच सुरू होतो. काम देण्याआधी मशीन शॉपवाल्याला रॉड प्रत्यक्ष दाखवा.

रॉडचे ताणून आवळायचे जुने बोल्ट परत चालतील? (भोसरी)

नाही.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली. गॅरेजवाल्याने प्लग काढून पाणी उडवलं. आता चालते, बारीक ठोका येतो. तो म्हणतो, महिनाभर बघू. (सिंहगड रोड)

महिनाभर काय बघणार? ब्लॉकला भोक पडलेलं? सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. मागच्या वर्षी अशाच एका गाडीचं हेड उतरवलं. तीन सिलिंडरमध्ये वरची काजळीची पट्टी सारखी, चौथ्यात जवळपास दुप्पट रुंद. रॉड वाकून आखूड झालेला, पिस्टन वरपर्यंत पोचतच नव्हता. मालक त्यावर दोनदा मुंबईला जाऊन आले होते!

आजच गाडी बंद करा, स्टार्टर मारू नका, टो करून न्या. तिथे प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. इन्शुरन्सला आधी कळवा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन कुणालाही खोलू देऊ नका.