आयोवाचा अर्ज भरण्याआधी

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या रायटर्स वर्कशॉपचा एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, इथे सर्जनशील लेखनातली पदव्युत्तर पदवी) दोन वर्षांचा आहे. १९३६पासून चालत आलेल्या या अभ्यासक्रमात निवड मुख्यतः सोबत जोडलेल्या लेखनावर होते. शिफारसपत्रं, गुणपत्रिका लागतात, पण कथा कच्ची असेल तर ती तारत नाहीत. तेव्हा सगळा जीव कथांत ओत. सर्वांत भक्कम कथा पहिली ठेव. मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय कळणार नाही असं कादंबरीतलं प्रकरण पाठवू नकोस.

इंग्रजीत लिहिताना आपल्याकडच्यांचा एक दोष सतत दिसतो : अमेरिकन वाचकाला समजावत बसणं. श्राद्धाचं पान वाढणारी बाई श्राद्ध म्हणजे काय हे मनात म्हणत नाही. ती कावळ्याची वाट पाहते, घड्याळ बघते, पोरं भुकेली आहेत म्हणून चिडते. एवढ्यात वाचकाला हवं ते मिळतं. असं प्रत्येक स्पष्टीकरण खोडून कथा पुन्हा वाच. जिथे खरोखर अडतं, तिथे पात्राच्या हातून एखादी कृती घडव.

आणि वाक्य मुळात मराठीतच सुचत असेल, तर त्याच विद्यापीठाचा साहित्यिक अनुवादाचा एमएफए आधी बघ. तिथे मराठी हेच तुझं भांडवल. कवी दिलीप चित्रे १९७५ ते ७७ आयोवात होते ते इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये. तो प्रस्थापित लेखकांसाठीचा निवासी उपक्रम आहे, तिथे पदवी मिळत नाही. अर्ज करताना हे तिन्ही वेगळे धर.

प्रवेशपत्र आलं की पैशाचा मजकूर शांतपणे वाच : शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे का, विद्यावेतन नऊ महिन्यांचं की बाराचं, आरोग्य विमा कोण भरणार, दुसऱ्या वर्षाची हमी लेखी आहे का. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येतं, म्हणून तूट नोकरीने भरून निघत नाही. बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांनी अर्थसाहाय्याच्या उत्तरासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत द्यायचं मान्य केलेलं आहे. मार्चमध्ये घाईने होकार कळवू नकोस. या पदवीसाठी घर गहाण टाकून कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.

वर्गात तुझ्या कथेवर चर्चा चालू असताना बहुतेकदा तुला गप्प बसावं लागेल. कोण काय म्हणालं ते लिहून घे, पण त्या आठवड्यात कथेला हात लावू नकोस. सगळ्यांच्या सूचना पाळल्या की कथा बेचव होते. एकाच पानावर तिघांनी तीन वेगळे उपाय सुचवले, तर दोष बहुधा त्याच्या आधीच्या पानांत असतो. तिथून वाचायला लाग.