वाचकांचे प्रश्न : बाप्तिस्मा, सेरामपूरची मराठी आणि रविवारचा उपदेश

प्रश्न : माझ्या मुलाचा विवाह एका बॅप्टिस्ट कुटुंबातील मुलीशी ठरला आहे. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून नगरकडच्या मंडळीतले, म्हणजे तिथल्या चर्चचे सभासद. मुलाचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला आणि पुढे दृढीकरणही, म्हणजे मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधीही, झाले. आता मुलीकडचे म्हणतात की त्याने पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा. आमच्या बाप्तिस्म्यात उणे काय होते?
— एक वाचक, वानवडी

उत्तर : आपले मन दुखावले जाणे स्वाभाविक आहे, कारण ‘पुन्हा’ या मागणीत आपल्या मंडळीने केलेला विधी आणि आईवडिलांनी त्या दिवशी केलेली प्रार्थना या दोन्हींवर फुली मारल्यासारखे वाटते. मुलीकडच्यांच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न आपल्या मंडळीच्या योग्यतेचा नाही. ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली दिली आहे त्यालाच बाप्तिस्मा द्यावा, आणि तो पाण्यात बुडवून द्यावा, अशी बॅप्टिस्ट मंडळ्यांची धारणा आहे. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालण्याला ते बाप्तिस्मा मानत नाहीत.

ही धारणा कोठून आली हे कळले तर तिची धार थोडी बोथट होईल. १६०९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्लंड सोडून गेलेल्या उपदेशकाने ॲमस्टरडॅममध्ये प्रौढ विश्वासणाऱ्यांच्या बाप्तिस्म्यावर आधारलेली मंडळी स्थापली. त्याचा सोबती थॉमस हेल्विस काही जणांसह १६१२ च्या सुमारास लंडनला परतला आणि स्पिटलफील्ड्समध्ये इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. त्या काळात प्रत्येक बालकाचा बाप्तिस्मा राजमान्य चर्चमध्ये होत असे, म्हणजे राज्याचे प्रजाजन होणे आणि चर्चचे सभासद होणे या गोष्टी एकाच दिवशी, बालकाला काही कळण्यापूर्वीच, उरकल्या जात. राजा हा मर्त्य मनुष्य आहे, प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही, असे हेल्विसने राजा पहिला जेम्स याला उद्देशून लिहिले, तुरुंगात गेला आणि तेथेच काही वर्षांत वारला. बालबाप्तिस्म्याला दिलेल्या नकारामागे धर्मस्वातंत्र्याची ही मागणी होती. बॅप्टिस्टांच्या संपूर्ण वारशात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता आपल्या घरातल्या पेचाविषयी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा एकत्र आलेल्या सहा संस्थांत उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा हे दोन्ही प्रकार त्या चर्चने मान्य केले. म्हणजे या प्रश्नावर आपल्याकडे समजुतीने तोडगा निघालेला आहे. जी बॅप्टिस्ट मंडळी या एकीकरणात नाही तिचा नियम तिचा तिनेच ठरवलेला असतो, कारण या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. काही मंडळ्या अन्यत्र झालेला बाप्तिस्मा सभासदत्वासाठी ग्राह्य धरतात, काही धरत नाहीत. तेव्हा सोयऱ्यांच्या सांगण्यावर न थांबता त्या मंडळीच्या पाळकांना (धर्मगुरूंना) प्रत्यक्ष भेटावे. कायद्याच्या दृष्टीने विवाहाला यात कोणताच अडथळा नाही.

पाळकांपुढे एक गोष्ट नम्रपणे, पण स्पष्टपणे मांडावी. स्वेच्छेने दिलेली कबुली हा ज्या परंपरेचा गाभा आहे, तिने लग्नाची अट म्हणून घेतलेला बाप्तिस्मा स्वीकारणे तिच्याच तत्त्वाला धरून होणार नाही. मुलाच्या मनाने घेतले तर तो पुढे केव्हाही निर्णय करील.

प्रश्न : विल्यम केरी आयुष्यभर बंगालमध्ये राहिला, तरी मराठी गद्याच्या इतिहासात त्याचे नाव येतेच. असे का? आणि तो बॅप्टिस्ट असूनही आपल्या भागात बॅप्टिस्ट मंडळ्या इतक्या थोड्या का?
— एक विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना

उत्तर : केरी हा मुळात चांभारकाम करणारा, स्वतःच्या बळावर भाषा शिकलेला बॅप्टिस्ट उपदेशक. १७९२ मध्ये केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तो कलकत्त्याला उतरला. १८०० पासून हुगळीकाठच्या सेरामपूर या डॅनिश वसाहतीत (पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर ते वेगळे) मार्शमन आणि वॉर्ड या सहकारी मिशनऱ्यांसह त्याने छापखाना चालवला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या अधिकाऱ्यांना तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागला. या निमित्ताने १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले आणि १८१० मध्ये मराठी–इंग्रजी कोश, ज्यातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. मत्तयकृत शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर १८०५ चे, आणि संपूर्ण नव्या कराराचे १८११ चे.

या सगळ्यामागे उभ्या असलेल्या एका माणसाचे नाव आपण विसरू नये. कॉलेजातील मुख्य मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याशिवाय केरीचे मराठी काम झाले नसते, आणि केरीने त्यांचे ऋण मान्यही केले आहे. सिंहासनबत्तिशी आणि हितोपदेश यांची वैजनाथांनी केलेली मराठी भाषांतरे सेरामपूरलाच छापली गेली. मराठीतील आरंभीच्या मुद्रित गद्यात त्यांची गणना होते. मिशनच्या इतिहासात पंडितांची नावे तळटिपेत जातात. तुम्ही निबंध लिहिणार असाल तर वैजनाथांना मजकुरात आणा.

सेरामपूरची मराठी नागपूरकडच्या वळणाची होती आणि तीवर संस्कृताचे व बंगालच्या शेजाराचे ओझे होते. देशावरच्या आणि कोकणातल्या वाचकाला ती जवळची वाटेना, म्हणून मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषांतराचे काम स्वतंत्रपणे हाती घेतले आणि १८२६ मध्ये त्यांचा नवा करार प्रसिद्ध झाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतील सेलम येथे पाच तरुणांना एकाच वेळी दीक्षा देऊन हिंदुस्थानाकडे पाठवण्यात आले. त्यांत गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ॲडोनिराम जडसन होते. सगळे बालबाप्तिस्मा मानणारे. सेरामपूरच्या बॅप्टिस्टांशी या विषयावर वाद करावा लागेल म्हणून जडसनने जहाजावर नव्या कराराचा कसून अभ्यास केला आणि त्या अभ्यासानेच त्याचे मत पालटले. सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात वॉर्डच्या हातून बाप्तिस्मा घेऊन तो पुढे ब्रह्मदेशाला गेला. हॉल आणि नॉट मात्र आपल्या मतावर कायम राहून १८१३ मध्ये मुंबईला आले, आणि त्यांच्या मिशनची मुळे पुढे नगरपर्यंत पसरली. पुण्यात स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशनांनी काम केले. बॅप्टिस्टांचे बळ तेलुगू मुलखात आणि ईशान्येकडे वाढले. म्हणून आज पुण्यात बॅप्टिस्ट उपासनेला गेलात तर नागालँडहून शिकायला आलेले विद्यार्थी किंवा तेलुगू बोलणारी कुटुंबे भेटण्याचा संभव मराठी माणसांपेक्षा अधिक आहे. बिबवेवाडीचे युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आले, तेथेही देशभरातून अनेक पंथांचे विद्यार्थी एकत्र शिकतात.

प्रश्न : मी नोकरी करतो, पाळक नाही, पण आमच्या लहान मंडळीत अधूनमधून उपदेशाची जबाबदारी माझ्यावर येते. एक वचन घेऊन मी आठवणी, दाखले सांगतो आणि लोकांना ते आवडते. नवे पाळक म्हणतात की शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, पूर्ण भाग घेऊन त्याचे विवरण करावे, हीच बॅप्टिस्ट पद्धत. हे खरे आहे का? आणि ते मराठी श्रोत्यांना रुचेल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : बॅप्टिस्टांची एकच पद्धत आहे असे म्हणता येणार नाही. लंडनच्या ज्या मंडळीत अठराव्या शतकात जॉन गिल यांनी बायबलच्या पुस्तकांचे ओळीने विवरण केले, त्याच मंडळीत एकोणिसाव्या शतकात चार्ल्स स्पर्जन बहुधा एखादे वचन निवडून उपदेश करीत असत. स्पर्जन यांचे उपदेश दर आठवड्याला छापले जात आणि १८९२ मध्ये त्यांच्या निधनानंतरही ते छापणे १९१७ पर्यंत चालू राहिले. पण उपासनेत अध्याय वाचताना तेही ओघात त्याचा अर्थ उलगडून सांगत. दोघांत समान काय होते, ते पाहावे. उपदेशकाचा अधिकार त्याच्या पदातून येत नाही, समोर उघडलेल्या शास्त्रभागातून येतो, आणि बाकावर बसलेल्या माणसाला तो भाग स्वतः वाचून उपदेश पारखता आला पाहिजे. आपल्या पाळकांचा आग्रह मला या कारणाने योग्य वाटतो.

एक भाग घेऊन पाहू. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे लूकने लिहिलेले पुस्तक, अध्याय ८, ओवी २६ ते ४०. गज्जाकडे जाणाऱ्या वाटेवर कुश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत आहे आणि येशूचा प्रचारक फिलिप्प त्याला विचारतो की आपण वाचता ते आपल्याला समजते का. नेहमीच्या उपदेशात येथून आपण चटकन विश्वासाच्या गरजेकडे वळतो. थोडे थांबावे. तो कोणता भाग वाचत होता ते लूक सांगतो, तो यशया ५३ मधला आहे, वधायला नेल्या जाणाऱ्या कोकराचा. श्रोत्यांना तेथे न्यावे आणि पाने उलटायला वेळ द्यावा. मग हा मनुष्य षंढ आहे या उल्लेखाकडे यावे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता, तरी तो यरुशलेमेला उपासनेसाठी एवढ्या लांबून जाऊन परत येत होता. आणि तो वाचत होता त्या अध्यायापासून तीनच अध्याय पुढे, यशया ५६ मध्ये, षंढांना परमेश्वराच्या घरात नाव आणि स्थान देण्याचे अभिवचन आहे. हे ध्यानात घेतले की ‘मला बाप्तिस्मा घेण्यास काय अडचण आहे?’ हा त्याचा प्रश्न वेगळाच ऐकू येतो, कारण अडचण काय असते हे त्याने अनुभवले होते. येथे बाहेरच्या दाखल्याची गरजच उरत नाही.

याच भागात एक कसोटीही आहे. ३७ व्या ओवीत खजिनदार आपला विश्वास शब्दांत कबूल करतो, आणि विश्वासाच्या कबुलीनंतरच बाप्तिस्मा द्यावा हे दाखवण्यासाठी बॅप्टिस्ट उपदेशक ती ओवी हौसेने वापरत आले आहेत. पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाही, म्हणून अनेक आवृत्त्यांत ती कंसात किंवा तळटीपेत असते. आपल्या मताला सोयीची असली तरी तिच्यावर उपदेशाची इमारत उभारू नये आणि कारण मंडळीला मोकळेपणाने सांगावे. शास्त्र हेच प्रमाण मानणाऱ्याने एवढा काटेकोरपणा पाळायलाच हवा.

मराठी श्रोत्यांना हे रुचेल का, ही शंका मात्र सोडून द्या. एकच अभंग निरूपणाला घेऊन त्याचा एकेक चरण उलगडणारे कीर्तन आपल्या लोकांनी शतकानुशतके रात्र रात्र ऐकले आहे. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा आश्रय केला आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही तो मार्ग चोखाळला. आपला श्रोता विवरणाला कंटाळत नाही, तो पुस्तकी भाषेला कंटाळतो. म्हणून तयारी करताना शास्त्रभाग दोन-तीन मराठी भाषांतरांतून मोठ्याने वाचावा. त्यांत पंडिता रमाबाईंचे भाषांतर असावे. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीसाठी त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे ते काम केले, आणि १९२२ मध्ये त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. एखादे वाक्य आपल्या तोंडून तिन्ही भाषांतरांत अडखळत असेल तर बहुधा अर्थच अजून नीट लागलेला नसतो. दाखले सोडू नका, पण एका उपदेशात एखादाच ठेवा, आणि तो अर्थ पुरता सांगून झाल्यावर.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या उपदेशाच्या हस्तलिखित वह्या आणि मंडळीच्या जुन्या नोंदवह्या कपाटात पडून आहेत. पाने तुकडे होऊन निघतात. काय करावे?
— एक वाचिका, खडकी

उत्तर : सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण चिकटद्रव्य कागदात मुरते आणि पुढे कोणत्याच उपायाने निघत नाही. ओल लागलेली वही उन्हात न टाकता पंख्याखाली सावलीत वाळवावी. खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचे, मुखपृष्ठासह आणि कोऱ्या पानांसह, क्रमाने छायाचित्र घ्यावे आणि मग वह्या स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर ठेवलेल्या कपाटात आडव्या ठेवाव्यात. पावसाळ्यात कोरडा दिवस मिळेल तेव्हा कपाट उघडून वारा लागू द्यावा. कसर आणि वाळवी यांची पाहणी त्याच वेळी होते.

विवाहाच्या नोंदवह्या वेगळ्या काढाव्यात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालील नोंदी हा कायदेशीर पुरावा असतो, म्हणून त्या खासगी घरात न ठेवता मंडळीच्या ताब्यात द्याव्यात. अलीकडच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत हयात माणसांच्या जन्मतारखा असतात. त्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. काही पाने मोडीत असतील तर पुण्यात मोडी जाणणारे अभ्यासक भेटतात, त्यांना छायाचित्रे दाखवावीत, मूळ वही हातची सोडू नये.

आजोबांच्या वह्यांसाठी एक साधी सूची करावी : तारीख, स्थळ, शास्त्रभाग. कोणत्या वर्षी मंडळीला कोणती पुस्तके शिकवली गेली हे त्यावरून कळते, आणि मंडळीच्या इतिहासात हीच माहिती सहसा हाती लागत नाही. वह्यांत नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलेली माणसे कोण होती, हे ज्यांना आठवते अशा वडीलधाऱ्यांना आताच विचारून घ्यावे, आणि ते वहीच्या पानावर न लिहिता वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून वहीसोबत ठेवावे.