पाच स्टार दिलेत कुणी, ते आधी बघा

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत राहतो, वय ३४, घटस्फोट झालाय. एकटेपणाला कंटाळून नेटवर एस्कॉर्ट, म्हणजे पैसे घेऊन शरीरसुख देणाऱ्या बायका, शोधल्या तर कोल्हापूरच्या नावानं ढीगभर प्रोफाइल निघाल्या, सगळ्यांखाली ४.९ नाहीतर ५ स्टार. मित्र म्हणतो रिव्ह्यू चांगले असतील तर बिनधास्त ॲडव्हान्स टाक, हॉटेल बुक करताना पण आपण तेच बघतो की. खरंच विश्वास ठेवू का? काही स्क्रीनशॉट सोबत पाठवलेत.

उत्तर : विचारलंत ते बरं केलंत, आणि तुम्हाला नावं ठेवायला मी इथं बसलेली नाही. पण मित्राचं हॉटेलचं उदाहरण इथं बसत नाही बघा. हॉटेलला बोर्ड असतो, बिल मिळतं, फसवलं तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. इथं फसलेला माणूस घरात पण तोंड उघडत नाही, त्यामुळं गिऱ्हाईकाला दुसरा काहीच आधार नसतो आणि सगळी भिस्त त्या स्टारवर येते. नेमकं हेच ओळखून खोटे रिव्ह्यू लिहिणारे बसलेत.

तुमचेच स्क्रीनशॉट बघा की. 'फोटो सेम, सर्व्हिस जेन्युईन, नो टाइमपास' हे वाक्य तीन वेगवेगळ्या नावांखाली स्पेलिंगच्या चुकीसकट तसंच्या तसं आहे, आणि प्रोफाइल बाईची पण क्यूआर कोडवर नाव पुरुषाचं. यात आधी थोडं टोकन मागतात, मग 'रिफंडेबल' सिक्युरिटी, मग हॉटेलचा गेटपास, आणि तुम्ही थांबलात की वर्दीतला डीपी लावलेला कुणीतरी फोन करून केस करतो म्हणून धमकावतो.

बरं, रिव्ह्यू खरे असले तरी माझं मन मानत नाही. अमेरिकेत 'द इरॉटिक रिव्ह्यू' नावाची साइट १९९९ पासून आहे, तिथं गिऱ्हाईकं बाईला मार्क देतात आणि त्यावर तिचा रेट, तिचं काम ठरतं. तिथल्या बायकांनीच सांगितलंय की 'चांगला रिव्ह्यू देतो' म्हणून कंडोमशिवाय नाहीतर तिनं नाही म्हटलेल्या गोष्टींसाठी गळ घालतात, आणि वाईट लिहिलं तर पोट बंद म्हणून नाही म्हणणं जड जातं. हे मला लई डाचतं, कारण तिथं गिऱ्हाईक खूश झालं का एवढंच कळतं, तिला काय सोसावं लागलं ते नाही. ब्रिटनमध्ये 'नॅशनल अग्ली मग्ज' ही संस्था २०१२ पासून उलटं काम करते, त्रास देणाऱ्या माणसांची माहिती बायकांपर्यंत पोचवते, मला विचाराल तर खरी गरज त्याची आहे.

आता आपल्याकडचा कायदा. सज्ञान बाई स्वखुशीनं हे काम करत असेल तर तेवढ्यानं गुन्हा होत नाही, आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सांगितलंय की अशा बायकांना त्रास देऊ नका, माणूस म्हणून वागवा. पण १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानं कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हेच आहेत. आणि बाई तस्करी करून आणलेली आहे असं वाटायला जागा असताना कुणी गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १४४ खाली तो गिऱ्हाईक पण अडकतो, रिव्ह्यू चांगले होते म्हणून सुटका नाही. फोनवर भलताच माणूस बोलतोय, तिच्याशी बोलूच देत नाहीये, ती फार लहान दिसतेय, तर तिथंच थांबा आणि ११२ ला कळवा. जवळ सांगलीत या बायकांनीच १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केलीय, त्या स्वतःच्या हक्कांसाठी स्वतः बोलतात. स्टार मोजण्याआधी त्यांचं म्हणणं एकदा ऐका असं मला मनापासून वाटतं.

पैसे आधीच पाठवले असतील तर लाजू नका, आत्ताच्या आत्ता ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, चॅट आणि व्यवहाराचा नंबर डिलीट करू नका, धमकी आली तरी अजून एक रुपया टाकू नका. आणि एकटेपणाबद्दल बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.